मेडशीची पाहुणी

आज मेडशीची आजी परत जाणार. सकाळीच मी जुनी चादर झटकून ठेवली, सुतळीचा गुंडा शोधून ठेवला, आणि तरी अजून तिला भिंतीवरून उतरवलेलं नाही. चार दिवस म्हणून आणली होती. चारावर किती उलटले ते मी मोजत नाही, आणि मेडशीचे तात्याही भले माणूस, त्यांनी एकदाही फोन करून विचारलं नाही. पण दुसऱ्याची आई आपल्या घरी किती दिवस ठेवून घ्यायची, यालाही काही रीत असते.

आजी म्हणजे एक तैलचित्र आहे. शिसवी रंगाची चौकट, गर्द हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि ओठ असे मुडपलेले की आत्ता कोणाला तरी रागावणार. मेडशीच्या मळ्यात वांगी-मिरच्या लावून संसार केलेली बाई. हे चित्र माझ्या बाबांनी काढलं, त्यालाही आता जमाना झाला. चेहरा हुबेहूब तिचा आहे, असं तिच्या घरचे सांगतात. मांडीवर एकावर एक ठेवलेले हात मात्र तिचे नाहीत. ते माझ्या आईचे आहेत.

वाशिमकडच्या मालेगावात आमचं घर पेंटरचं घर म्हणूनच ओळखतात. नावानं विचाराल तर शेजारचाही सांगणार नाही. आजोबा तरुणपणी यात्रेतल्या तंबूच्या सिनेमाचे फलक रंगवायचे. पुढे तंबू गेले, आणि आजोबा गेलेल्या माणसांची चित्रं काढायला लागले. आसपासच्या गावात कोणी म्हातारं गेलं की दिवस झाल्यावर त्या घरचा माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसायचा, पाणी प्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा, आणि मग खिशातून कागदात गुंडाळलेला फोटो काढायचा. कुठल्या तरी लग्नातला, मागच्या रांगेतला. "हे पाहा, ह्या फेटेवाल्याच्या मागं अर्धे दिसून राह्यले, ते आमचे बाबा." त्या अर्ध्या चेहऱ्यावरून आजोबा पूर्ण माणूस उभा करायचे.

फोटोच नसेल तर काम आणखी मजेचं व्हायचं. मग आजोबा सगळं कुटुंब बोलवायचे. लेकी-जावयांसकट सगळे जीपगाडीतून उतरायचे आणि ओट्यावर रांगेत बसायचे. कपाळ थोरल्याचं, नाक धाकट्याचं, हनुवटी लेकीची, हसणं एखाद्या नातवाचं. याला आमच्या घरात उसना चेहरा म्हणायचे. एकदा रिसोडकडचे दोन भाऊ आले होते. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणावरून त्यांचं बोलणं बंद. पण बापाचं कपाळ एकाकडे गेलेलं आणि नाक दुसऱ्याकडे. आजोबांनी दोघांना एका सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसवलं आणि दिवसभर उठू दिलं नाही. संध्याकाळी आईनं आणलेला चहा एकानं दुसऱ्याच्या हातात दिला. आजोबा मला हळूच म्हणाले, "वाटणी करतानी बाप वाटला यायनं. आता जोडू दे."

चित्र झालं की नाही, हे ठरवायची आजोबांची एक रीत होती. ते चित्रावर धोतराचा तुकडा टाकून ठेवायचे. घरचे आले की तुकडा काढायचे आणि गप्प उभे राहायचे. कोणी "लय चांगलं झालं" म्हटलं की आजोबांचा चेहरा पडायचा. ते चित्र परत आत न्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. पण कोणी तारीफ न करता एकदम चित्राशीच बोललं, "काहो बाबा, चष्मा कुठी ठेवला होता तुमी, घरभर शोधून राह्यलो," असं काही, की आजोबा मागं वळून ब्रश धुवायला लागायचे. "चित्राशी माणूस बोललं म्हंजे झालं," ते म्हणायचे. बाबांनी हीच रीत पुढे चालवली.

त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे. जवस आमच्याकडे चटणीतही आणि रंगातही. घाणीवरून तेल आलं की आजोबा निम्मं रंगात घालायला बाजूला काढायचे, आणि आई उरलेलं फोडणीला नेताना पुटपुटायची, "भुतं जेवतात आधी, मंग आमी." त्यात टर्पेंटाइन, चुलीचा धूर आणि आईच्या बोटांना असलेला सांबाराचा वास. पुण्या-मुंबईकडची माणसं ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांबार. आजही मी बाजारात सांबाराची जुडी नाकाशी धरते तेव्हा भाजीवाली मला ताजेपणा बघणारी चोखंदळ बाई समजते. मी तिचा गैरसमज दूर करत नाही.

पावसाळ्यात रंग वाळत नसे. मग सगळी अर्धी ओली चित्रं चुलीच्या ऊबेला, स्वयंपाकघरात भिंतीशी लावून ठेवायची. श्रावणात आमच्या स्वयंपाकघरात निम्म्या तालुक्याचे मेलेले बसलेले असायचे. पागोटेवाले, टोपीवाले, नऊवारीतल्या, एक शाळामास्तर, एक देखणा पोलीस. आम्ही त्यांच्या समोर जेवायचो. दुसऱ्या घरची पोरं आमच्याकडे यायला भ्यायची, मला मात्र ते घरचेच वाटायचे. आई त्यांच्याशी बिनदिक्कत बोलायची. "सरका हो आजी, तवा ठेवू द्या." "पाटील, तुमी पाहूनच राह्यले, सांगा तरी भाकरी फुगली का." मी हसून लोळायची. बाहेर पागोळ्या गळत, आत चूल, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये परातीत पीठ मळणारी माझी आई. मला तिचे मळणारे हात दिसतात. वर पाहायला जाते तर धूर येतो.

फोटोत चेहरा असायचा, हात कधीच नसायचे. आणि लोकांना तर आपलं माणूस खुर्चीवर ऐसपैस बसलेलं पाहिजे. म्हणून बाई माणसाचं चित्र असलं की बाबा आईला खिडकीजवळच्या पाटावर बसवायचे. हात मांडीवर, उजवा खाली, डावा वर. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी इळ्याचा वण, करंगळी जराशी बाहेर वाकलेली. बाबा समोर बसून काढत राहायचे आणि मधूनमधून एकच म्हणायचे.

"हलू नको. झालंच आता."

"तुमचं झालंच आता म्हंजे भाजी करपली समजा," आई म्हणायची. पण हलायची नाही. तोंड चालू, हात जागच्या जागी. मी दारात बसून दोघांचं ऐकायची. एकदा असंच एका मोठ्या घरच्या बाईचं चित्र चाललं होतं. आई म्हणाली, "माणसायले मेल्यावर हार पडते. माह्या हातायले तं जित्तेपनीच सगळ्या तालुक्यात हार पडून राह्यले." बाबा हसले आणि ब्रश थांबला. हसल्यावर ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग पुन्हा हातांकडे वळले.

ते तिच्या तोंडाकडे पाहत होते तेव्हा त्यांनी काय पाहिलं, एवढंच मला जन्मभर हवं आहे.

कारण आईचा एकही फोटो नाही. हे कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. ज्या घरानं शेकडो घरांना त्यांची माणसं परत दिली, त्या घरात आपल्या माणसाचा फोटो नाही. चूक म्हणाल तर ही अशी चूक फक्त पेंटरच्या घरातच होऊ शकते. यात्रेत फोटोवाला पडदा लावून बसायचा, सगळे काढून घ्यायचे. आई एकदा म्हणाली, पोरीसंग एक काढू का. आजोबांना राग आला. "घरात दोन दोन पेंटर, अन् फोटोवाल्याच्या दारात कायले जाता? मी काढतो की तुमचं, निवांत." निवांत. लोकांची कामं होती, लोकांच्या तारखा होत्या. घरच्या माणसाचं काय, ते तर समोरच आहे. मावशीच्या लग्नात रिसोडला फोटोवाला आला होता. त्या सगळ्या फोटोंमध्ये मी आई शोधली आहे. ती मागे चुलीवर पुऱ्या तळत होती.

तिच्या स्वतःच्या लग्नाचं एक चित्र आजोबांनी काढलं होतं म्हणे. नवरा-नवरी विहारात वंदनेला बसलेले, हात जोडलेले. पण नवरीची मान खाली, पदर पुढे. तेही माळ्यावर ठेवलं आणि वाळवीनं खाल्लं.

मग एका वर्षी, तुरी पिवळ्या फुलांनी भरल्या होत्या त्या दिवसांत, आई गेली. मी दुसरीत होते. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. एवढं आठवतं की बायकांनी मला शेजारी नेलं होतं, आणि परत आले तेव्हा खिडकीजवळचा पाट भिंतीला टेकवून उभा ठेवला होता.

काही दिवसांनी बाबांनी रिसोडहून मावशीला बोलावलं. घरची रीतच ती. मावशीला आणि मला सतरंजीवर शेजारी बसवलं. गाल मावशीचे, डोळे माझे. मावशी डोळ्याला पदर लावायची आणि बाबा थांबून वाट पाहायचे. त्या वेळी त्यांनी "हलू नको" म्हटलं नाही. चित्र पूर्ण झालं. आजोबांनीच वरचा तुकडा काढला. सगळे उभे होतो. चित्रातली बाई सुंदर होती. मावशीसारखी होती, माझ्यासारखीही होती. कोणी चित्राशी बोललं नाही. मावशी नाही, आजोबा नाही, मी नाही. मग बाबांनीच टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि कपाळापासून खाली पुसत आले.

मोठी झाल्यावर मी एकदा विचारलं, "बाबा, तुमी तं कोनाचाही चेहरा काढता. मायचा आठवत नाही का?" ते म्हणाले, "हात आठवते. नखासकट आठवते. चेहरा काढाले म्हनून कधी पाह्यलाच नाही वं. नुसताच पाह्यला."

मी हे वाक्य घेऊन वाशिमला गेले, चित्रकला शिकले, नोकरी न मिळता पोट भरायला शिकले. फ्लेक्स आले आणि बाबांच्या ओट्यावर येणारी माणसं बंद झाली. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी चौकात हसत उभा, तेही गुलाबी ढगांवर. मी शाळांच्या भिंती रंगवते आणि मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. ससे बरे काढते, आजोबा तर फारच चांगले. एका शाळेचे हेडमास्तर भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, "मॅडम, राग नका मानू, पन तुमच्या चित्रातल्या आया सगळ्या पाठमोऱ्या काहून असते?" मी म्हटलं, "कामात असतात सर." ते हसले. मीही हसले, आणि घरी येऊन रडले.

अशाच एका कामासाठी मेडशीला गेले होते. शाळेची भिंत दुपारच्या उन्हात तापली, म्हणून समोरच्या घरी पाणी मागायला गेले. नवीन स्लॅबचं घर, पुढे मिरच्या वाळत घातलेल्या. घरातल्या सूनबाईंनी तांब्या दिला. मी वर तोंड करून पाणी प्यायले आणि तांब्या खाली घेताना समोरच्या भिंतीवर ते हात दिसले. अंगठ्याच्या बुडाशी वण. वाकडी करंगळी. माझ्या हातातलं पाणी सांडलं. सूनबाईंना वाटलं ऊन लागलं, त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि कांदा आणायला धावल्या.

तात्या मळ्यातून आले तेव्हा मी तशीच बसलेली होते. तात्या म्हणजे चित्रातल्या आजीचे थोरले चिरंजीव, आता स्वतःच आजोबा. मी पेंटरची मुलगी म्हटल्यावर त्यांनी आधी चहा टाकायला सांगितला. मग मी हातांचं सांगितलं. ते चित्रापाशी गेले, वाकून पाहिलं.

"तरीच," ते म्हणाले. "आमच्या मायचे हात लय राठ होते. खुरपं धरू धरू बोटं मिटतच नव्हते. आमाले वाटलं पेंटरनं भलं केलं, म्हातारीले मरून तरी मऊ हात देल्ले."

मी धीर करून म्हटलं, "तात्या, चित्र मले द्याल का?"

"नाही," तात्या म्हणाले. लगेच म्हणाले, विचारही न करता. "माय कशी देऊ कोनाले?"

बरोबरच होतं. मी मान हलवली आणि उठले. दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला. "बाबा आहेत का तुहे?"

"आहेत. थकले. डोळ्यानं कमी दिसते, हात कापते."

तात्या खुर्ची ओढून त्यावर चढले आणि स्वतः चित्र उतरवलं. धोतराच्या सोग्यानं आजीचं तोंड पुसलं, आणि तिलाच म्हणाले, "माय, जन्मात कोनाच्या घरी पाहुनी गेली नाही तू. नेहमी मळ्याचं काम. जाय, चार दिवस राहून ये मालेगावले." मग माझ्याकडे वळून, "आणून सोडजो पोरी. भिंत उघडी पडते आमची."

सूनबाईंनी पिशवीत वांगी दिली, मिरच्या दिल्या, वर सांबाराची जुडी खोचली. पाहुणी बाई रिकाम्या हातानं जाते का कुठे. एसटीत मी आजीला खिडकीशी बसवलं आणि कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं नाही.

मी उगीच नाही आणली. मनात एक हिशेब होता. बाबांना हात दिसले, की हातावरून मनगट आठवेल, मनगटावरून कोपर, मग खांदा, मान, आणि तसं चढत चढत एक दिवस चेहरा. बाबांशिवाय तो आता कोणाकडेच नाही. आजोबा गेले, मावशी गेली. बाबा गेले की माझ्या आईचा चेहरा जगातून कायमचा पुसला जाणार. म्हणून मी चित्र त्यांच्या खाटेसमोर टांगलं, पुढे कागद ठेवला, कोळशाची कांडी ठेवली आणि बोलले काही नाही. शिकवलंच आहे तसं, तुकडा काढायचा आणि गप्प उभं राहायचं.

बाबा रोज पाहत. सकाळी खिडकीचं ऊन त्या हातांवर येतं तेव्हा जरा पुढे सरकून पाहत. पण एक शब्द बोलले नाहीत आणि कांडीला हात लावला नाही. कागदावर धूळ बसली. मी ती रोज पुसायची.

आज मी म्हटलं, "बाबा, मेडशीच्या आजीले पोचवून येतो. तात्याची भिंत उघडी आहे." बाबांनी ऐकलं की नाही कळेना. मी सुतळी तोडली, चादर उलगडली. इतक्यात ते खाटेवरून उठले. भिंत धरत चित्रापर्यंत गेले. गळ्यातला दुपट्टा काढला आणि कापऱ्या हातांनी चौकटीच्या वरच्या टोकावर असा टाकला, की आजीचं तोंड झाकलं गेलं. "माफ करजा माय," ते आजीला म्हणाले, "जरासा वेळ." आता नुसते हात उरले, मांडीवर, उजवा खाली, डावा वर.

बाबा परत खाटेवर येऊन बसले. गुडघ्यावर धोतर सारखं केलं आणि त्यावर बोट फिरवायला लागले. मला ते बोट कळत होतं. अंगठा काढला. वण काढला. करंगळी बाहेर वळवली. मग मनगट, बांगड्यांची वळणं. हात कापत होता, पण रेघ चुकत नव्हती. कोपर झालं. बोट धोतरावरच वर सरकत तिच्या खांद्यापर्यंत आलं, मानेपाशी आलं, आणि तिथे थांबलं. बोट तिथेच राहिलं. मग बाबांनी सगळा तळवा उघडला आणि धोतरावरून, वरून खाली, एकदाच फिरवला.

नाही येणार तो. मला कळलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो चेहरा माझ्या बाबांजवळही नव्हता.

चादर हातात घेऊन मी चित्राकडे निघाले. दुपट्टा काढायला हात वर केला, तेव्हा मागून बाबांचा आवाज आला. म्हाताऱ्या बाबांचा नाही, खिडकीजवळच्या बाबांचा. ते माझ्याशी बोलत नव्हते.

"हलू नको," ते त्या हातांना म्हणाले. "झालंच आता."

बाहेर अकोल्याकडे जाणाऱ्या एसटीचा हॉर्न वाजला. मेडशीला तीच जाते. मी हात वर केलेला तसाच ठेवून उभी राहिले, आणि हलले नाही.